दर्यालगतच्या घरासाठी कीबोर्ड

मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या, दमट हवेत कीबोर्डातले धातूचे संपर्क (कळ दाबल्यावर वीज जोडणारे भाग) लवकर गंजतात, हे आधी ध्यानात घे. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. चांगला स्विच ५ कोटी दाब सोसतो असं कंपन्या सांगतात, पण त्यात आपला पावसाळा धरलेला नसतो. म्हणून मेकॅनिकल घेणारच असशील तर हॉट-स्वॅपच घे. त्यात बिघडलेला स्विच चिमट्याने काढून नवा बसवता येतो, सोल्डरिंग लागत नाही.

बजेट बेताचं असेल तर मेंब्रेन कीबोर्ड चांगला. त्याचे संपर्क प्लास्टिकच्या पापुद्र्यांमध्ये असतात, आवाजही कमी. मात्र कळ गेली की बहुधा अख्खा कीबोर्डच बदलावा लागतो.

रंगीत दिव्यांवर पैसे घालवू नकोस. आणि मराठीसाठी इन्स्क्रिप्ट ही देवनागरी टायपिंगची कळांची मांडणी शीक, कळांवर देवनागरी छापलेली नसली तरी ती चालते.