आधी वही घाला, कॅमेऱ्याचं मग बघू

भाऊ, तुम्ही विचारलंत की शाळेच्या काचा, बसथांब्याचे पत्रे, वावरातल्या केबली अशी तोडफोड वाढत चालली आहे, तर ग्रामपंचायतीने कॅमेरे बसवावेत का. मी सोळा वर्षं पोलीस पाटीलकी केली. या तिन्ही गोष्टी एका दावणीला बांधू नका, इतकंच आधी सांगतो.

केबल नेणारा तांब्यासाठी येतो. आमच्याकडे हे चणा निघाल्यावर व्हायचं. ओलित थांबलं की विहिरीकडे महिना महिना कोणी फिरकत नाही. नाल्याकाठी जळक्या प्लास्टिकचा काळा गोळा सापडला, तर समजा की वरचं वेष्टण तिथंच जाळून तांबं काढलं. चौकातला कॅमेरा त्याला काय करणार? मोटर बंद असेल तेव्हा केबल गुंडाळून घरी आणा. कटाळवाणं आहे, पण उपयोग त्याचाच होतो.

ठिबकच्या नळ्यांची मात्र कड बघा. उन्हाळ्यात उंदीर, खारी पाण्यासाठी नळ्या कुरतडतात. कड दातेरी, चावल्यासारखी असेल तर माणसावर आळ घेऊ नका. कड सरळ असेल आणि ओळीमागून ओळ एकाच रेषेत नळ्या तुटल्या असतील, तर ते विळ्याचं काम. मी एकदा कड न बघताच धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या वादातल्या शेजाऱ्याचं नाव घेतलं. दोन घरांचं बोलणं वर्षभर बंद होतं. ते अजून मनाला लागतं.

सगळ्यात वाईट म्हणजे सोयाबीनची सुडी, कापून रचलेला ढीग, पेटवणं. वर्षाची कमाई एका रात्रीत राख होते, आणि मागे बहुतेकदा धुऱ्याचं नाहीतर पांदणीच्या रस्त्याचं भांडण असतं. इथं समजुतीवर मिटवू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये आग लावून शेतमालाचं नुकसान केल्यास ७ वर्षांपर्यंत आणि शेतीचं पाणी तोडल्यास ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इतर नुकसान कलम ३२४ मध्ये येतं. ते १ लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर तिथंही ५ वर्षांपर्यंत. म्हणून पंचनाम्यात रक्कम नीट लिहून घ्या, बियाण्याची, मळणीची, पाइपची बिलं जोडा.

शाळेच्या काचांचं सोपं आहे. संध्याकाळी मागच्या भिंतीशी बसणारे कोण, हे गावाला माहीत असतं. तिथं एक दिवा लावा, पोट्ट्यांना व्हॉलीबॉलची जाळी बांधून द्या. आमच्याकडे मैदानावर गर्दी व्हायला लागली आणि बाटल्या आपोआप गेल्या.

आणि "कशाला कोर्टकचेरी" म्हणून तक्रारच देत नाहीत लोक. मग ठाण्याच्या कागदावर आपलं गाव शांतच दिसतं, गस्त कशी वाढेल? आजच एक वही घाला: तारीख, जागा, वस्तू, अंदाजे किंमत, तक्रार दिली की नाही. संशयिताचं नाव त्यात लिहू नका. पुढच्या ग्रामसभेत ती मोठ्याने वाचा, आणि कॅमेऱ्याचा ठराव त्यानंतरच घ्या.