सरकारी रुग्णालयातल्या नर्स म्हाताऱ्या पेशंटवर एवढ्या का ओरडतात? आईला तिथे ठेवावं का?

तुम्ही लिहिलंय, आई ७६ वर्षांची, खुब्याचं हाड मोडलंय, सरकारीत ठेवायचं की खासगीत, आणि तिथल्या सिस्टर वयस्कर माणसांवर खेकसतात का. दुसऱ्या भागाचं उत्तर द्यायला मी लायक आहे. ओरडल्याबद्दल मला लेखी मेमो मिळालेला आहे.

जिल्ह्याचं रुग्णालय, पुरुषांचा मेडिकल वॉर्ड. खाटा ४०, पेशंट ५८, जास्तीचे खाली गाद्यांवर. सिस्टर मी एकटी, जोडीला एक शिकाऊ मुलगी. मावशी एकच, तीही दोन वॉर्डांत मिळून. नाईट रात्री ८ ते सकाळी ८, आणि ओळीनं सातातली ती पाचवी. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणाप्रमाणे साध्या वॉर्डात ५ पेशंटमागे १ सिस्टर हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ मागे १. माझ्या वाट्याला किती आले ते वर लिहिलंच आहे.

खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा होते. तरुणपणी इचलकरंजीला मागावर काम केलेलं, कान तिथेच गेलेले. न्यूमोनिया, त्यात सोडियम उतरलेलं. दिवसा शहाण्यासारखे असायचे, दिवेलागण झाली की भ्रम. आपण घरी आहोत असं वाटायचं आणि उठून गोठ्याकडे निघायचे. त्या रात्री अकराच्या सुमारास त्यांनी लघवीची नळी धरून ओढायला सुरुवात केली. त्या नळीच्या आतल्या टोकाला पाणी भरलेला फुगा असतो. तो फुगलेला असताना नळी उपटली तर आतून फाटत येतं. मी त्या वेळी समोरच्या कोपऱ्यात, फवारणीचं औषध प्यायलेल्या पोराजवळ. त्याला दर पंधरा मिनिटांनी अ‍ॅट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचं इंजेक्शन चालू, बाहुल्या बघायच्या, नाडी बघायची. हात सुटण्यासारखा नव्हता. मी तिथूनच ओरडले, "आजोबा, सोडा ती! हात काढा आधी!" दोनदा, तीनदा. शेवटच्या वेळी "कळत नाही का!" असंही म्हणाले.

त्यांनी नळी उपटलीच. पुढचा पाऊण तास रक्त, डॉक्टरांना फोन, धुणं, चादर बदलणं. पोराची एक वेळ सात मिनिटं उशिरा झाली, ती मी रिपोर्ट बुकात लिहिली.

आजोबांचा मुलगा चार दिवसांत पहिल्यांदाच आला होता, नेमका त्या वेळी. त्यानं मोबाईल काढला. व्हिडिओत मी आहे, माझा आवाज आहे, कोपऱ्यातला पोरगा नाही, रक्त नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. तिसऱ्या दिवशी मेमो: रुग्णाशी सौजन्याने न वागल्याबद्दल २४ तासांत खुलासा करावा.

घरी आमचे हे म्हणाले, "आवाज जरा खाली ठेवला असतास तर? आम्ही बँकेत कस्टमरशी असं बोललो असतो तर?" अहो, तुमचा कस्टमर कॅश काउंटरवर नळी उपटत नव्हता. हे भांडण आमच्याकडे अकरा वर्षं चाललंय.

१२ मेला आम्हाला गुलाबाचं फूल देतात आणि सेवाभावावर भाषण करतात. २०२२च्या मे महिन्यात आम्ही कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेलो, तर लोक म्हणाले यांना पगार वाढवून हवाय. माणसं द्या म्हणत होतो, कायमची. गुडघे गेले, पायाच्या शिरा फुगल्या, आणि नाईट उतरून घरी गेल्यावर सासूबाईंचं पथ्याचं जेवण मीच करायचं.

म्हाताऱ्यांचंही सांगते. ती दुखणं अंगावर काढतात, मुलाला सुट्टी मिळेपर्यंत. मग येतात तेव्हा अर्धं शरीर हातातून गेलेलं असतं. आणि मे महिन्यात, दिवाळीत काही जण घरच्यांच्या गावाला जाण्याआधी भरती होतात. वॉर्डात सगळ्यांना ते कळतं, आजोबांनाही.

एक कबूल करते. तो सगळा आवाज काही बहिऱ्या कानांसाठी नव्हता, त्यात राग होता. आणि काही जणी मुळातच तुसड्या असतात, दोन पेशंट दिले तरी तशाच. त्यांची बाजू मी घेत नाही.

आता तुमच्या आईचं. खुब्याच्या ऑपरेशनला उशीर करू नका, जिथे हाडांचे डॉक्टर लवकर घेतील तिथे न्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्यात येत नाहीत. ७० पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, योजनेतल्या खासगीतही चालतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पहिल्याच मिनिटाला सांगा. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. मोडलेल्या पायानिशी ती कशी बदलायची ते सिस्टरकडून शिकून घ्या.

आणि "ठेवायचं" हा शब्द तुमचा आहे, माझा नाही. रात्री कुणीतरी घरचं बसायला हवं. बायकोला किंवा बहिणीला पाठवू नका, तुम्ही बसा. मोबाईल चार्जिंगला लावून.

गेल्या वर्षी ह्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, खासगीत. सिस्टर फार मंजुळ बोलायची. ती गेली की हे मला विचारायचे, "काय म्हणाली गं?" तिथे मी काही बोलले नाही. घरी आल्यावर बोलले.

आईचा चष्मा आणि कवळी बरोबर न्या, म्हणजे भ्रम कमी होतो. कानयंत्र असेल तर त्याचे जादाचे सेल न्या, ते छोटे गोल. वॉर्डात कुणाकडे नसतात.