त्रिमूर्ती नगरचं घर विकून बेसाला फ्लॅट घ्यावा का? काकांच्या प्रश्नाला उत्तर

काका, नमस्कार. तुमचा मेल नीट वाचला. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. काका ६९ वर्षांचे, जिल्हा परिषदेतून रिटायर, पेन्शन ४८,००० रुपये. काकू ६५ च्या, दोन वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. त्रिमूर्ती नगरला स्वतःचं दोन मजली घर, काकांच्या एकट्याच्या नावावर, प्लॉट १९९३ चा आणि बांधकाम १९९७ चं. खाली भाडेकरू (११,००० भाडं), हे दोघं वर राहतात. एफडी २२ लाख. ब्रोकरने दीड कोटीचं गिऱ्हाईक आणलंय आणि तो दसऱ्याच्या आत टोकन घ्या म्हणून मागे लागलाय. काकांचा विचार आहे की घर विकायचं, बेसाला लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये ७५ लाखांचा फ्लॅट घ्यायचा आणि उरलेला पैसा काकूंच्या उपचाराला ठेवायचा. मुलगा म्हणतो सगळं विकून पुण्याला या. मुलगी नागपुरातच आहे, मनीष नगरला.

माझं मत आधीच सांगून टाकतो, यंदा घर विकू नका. भाडेकरूला वर पाठवा आणि तुम्ही दोघं खाली राहायला या.

आता हिशेब बघू, कारण तुम्ही लिहिलंय की "उरलेले ७५ लाख हातात राहतील". ते राहत नाहीत काका. दीड कोटीतून ब्रोकरेज साधारण २ लाख जाईल. फ्लॅटवर आपल्याकडे स्टॅम्प ड्युटी सात टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे सव्वापाच लाख, आणि रजिस्ट्रेशनचे ३०,००० (काकूंच्या एकटीच्या नावावर घेतला तर ड्युटीत एक टक्का सूट मिळते, पण मग भांडवली नफ्याची, म्हणजे घर विकून झालेल्या नफ्यावरच्या टॅक्सची, सवलत मागताना वाद होऊ शकतो, कारण घर तुमचं विकलं जातंय, त्यामुळे त्या एक टक्क्याच्या मागे लागू नका). फर्निचर, ग्रिल, मॉड्युलर किचन, शिफ्टिंग मिळून ७ लाख कमीत कमी. आणि मग टॅक्स. तुमचं घर २००१ च्या आधीचं, म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत व्हॅल्युअरकडून काढून ती मूळ खर्च म्हणून धरता येते. ती समजा ९ लाख निघाली तर नफा १३९ लाखांच्या घरात. त्यातला नव्या घरात गेलेला भाग सुटतो, उरतात ५८-५९ लाख, त्यावर इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे मूळ खर्च वाढवून धरणं) न घेता १२.५ टक्के, वर सरचार्ज आणि सेस. म्हणजे साडेआठ लाखांच्या आसपास. (इंडेक्सेशन घेऊन २० टक्क्यांचा पर्यायही तुम्हाला आहे, या आकड्यांत तो थोडा स्वस्त पडतो, पण फार फरक नाही, मी करून बघितला.)

सगळं मिळून २२-२३ लाख नुसते घर बदलण्यात गेले. तुम्ही काकूंसाठी बाई १५,००० ला मिळते असं लिहिलंय ना, तर हा त्या बाईचा साडेबारा वर्षांचा पगार आहे.

तुमच्या सीएने सांगितलं की ५० लाख भांडवली नफ्याच्या बाँडमध्ये टाका, टॅक्स जवळजवळ वाचतोच. बरोबर आहे त्याचं, टॅक्स वाचतो. पण ते बाँड पाच वर्षं मोडता येत नाहीत, त्यावर कर्ज घेतलं तरी सवलत जाते, आणि व्याज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास, तेही करपात्र. म्हणजे ज्या पैशासाठी घर विकून राहिलात तोच पैसा नेमका लागायच्या वर्षांमध्ये अडकून बसला. टॅक्स वाचवण्यासाठी हे करू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

आणि मुळात आज पैशाची गरज आहे का? पेन्शन ४८, भाडं ११, एफडीचं व्याज १२ च्या आसपास, झाले ७१,०००. घरखर्च २८, औषधं ६, बाई १५, झाले ४९. तुमचं पुरून उरतं काका. एफडीतले १५ लाख सीनियर सिटिझन स्कीममध्ये हलवले (सध्या ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी व्याज) तर अजून थोडं वाढेल, बाकीचे ७ लाख हाताशी राहू द्या, दवाखान्यात अचानक भरती झालं तर लागतील.

खरी अडचण आजची नाहीच, ती पुढची आहे, आणि ती तुमच्या मेलमध्ये कुठेच नाही. बोलायला जड जातं तरी बोलतो. तुम्ही आधी गेलात तर काकूंना फॅमिली पेन्शन मिळेल ती तुमच्या पेन्शनच्या साधारण ६० टक्के, म्हणजे २८-२९ हजार. तेव्हा काकूंना बहुतेक दिवस-रात्रीची माणसं लागत असतील. खड्डा तिथे पडणार आहे. हे घर त्या दिवसांसाठी राखून ठेवायचं, आणि तेव्हा ते विकता येईल किंवा त्यावर पैसा उभा करता येईल असे कागद आज करून ठेवायचे. रिव्हर्स मॉर्टगेजही आपल्याकडे २००७ पासून आहे, ६० वर्षांवरच्यांना स्वतः राहतो त्या घरावर बँक दरमहा पैसे देते आणि दोघांपैकी एक जरी हयात असलं तरी घर सोडावं लागत नाही. फार बँका उत्साहाने करत नाहीत, पण दार उघडं आहे.

कागदांचं म्हणजे काय, तर आखीव पत्रिका (प्लॉट कोणाच्या नावावर ते दाखवणारा सरकारी उतारा) काढा, प्लॉट एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजचा असेल तर लीज रिन्यू आहे का बघा, आणि लेआउट गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय पाडलेला) असेल तर आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) हातात हवं. नागपुरात अर्धे सौदे इथेच लटकतात आणि घाईत विकणाऱ्याला भाव पाडून द्यावा लागतो. मृत्युपत्र करा, रजिस्टर करा, मुलीला एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारी) ठेवा, कारण ती इथे आहे. आणि एक गोष्ट या महिन्यातच: पार्किन्सन्समध्ये हस्ताक्षर हळूहळू बारीक होत जातं, सही आकसते, आणि बँक चेक परत पाठवते की सही जुळत नाही. काकूंच्या नावावर ८ लाखांची एफडी आहे म्हणालात, तर दोघांनी बँकेत जाऊन नवी सही द्या, खातं "दोघांपैकी कोणीही" असं करून घ्या, नॉमिनी बघा. पॉवर ऑफ ॲटर्नीवर फार विसंबू नका, माणसाची समज गेली की ती आपल्याकडे चालत नाही.

आता घराचं. खालचा मजला हाच तुमचा लिफ्टवाला फ्लॅट समजा. या आजारात चालताना पाय अचानक जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दारात आणि वळताना, पडायची भीती तिथेच. म्हणून पैसा तिथे घाला: उंबरठे काढा, बाथरूमचं दार रुंद करा, कमोड आणि दोन्ही बाजूला दांडे, खरबरीत टाइल्स, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा. आणि उन्हाळ्यात कूलरचं पाणी खिडकीखाली सांडतं ना, आपल्याकडे घराघरांत सांडतं, ती जागा आधी बंद करा, कूलर बाहेरच्या स्टँडवर आणि पाइप बाहेर. हे सगळं दोन-तीन लाखांत होईल. शिवाय मे महिन्यात स्लॅबखालच्या खोल्यांपेक्षा खाली बरंच थंड असतं हे तुम्हाला मी काय सांगू. भाडेकरू वर जायला तयार नसेल तर करार संपेपर्यंत थांबा किंवा दुसरा बघा, भांडू नका.

विम्याचं लवकर सांगतो. तुमची नऊ वर्षं जुनी पाच लाखांची पॉलिसी एक दिवसही लॅप्स होऊ देऊ नका, स्वस्त मिळते म्हणून कंपनी बदलायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, काकूंना आता नवीन पॉलिसी मिळणं अवघड आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही, प्रीमियममध्ये ते उतरलंय का तपासा. तुम्ही ७० चे झालात की सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यातला उपचार मोफत, उत्पन्नाची अट नाही. काकूंना मात्र त्यांची सत्तरी होईपर्यंत ते नाही. आणि लक्षात घ्या की यातलं काहीच घरी येणाऱ्या बाईचे किंवा फिजिओचे पैसे देत नाही, विमा भरती झाल्यावरच कामाला येतो. म्हणून महिन्याची आवक मी एवढी धरून बसलोय.

पुण्याबद्दल मुलाचं प्रेम खरं आहे, त्यात शंका नाही. पण मुलगा-सून दोघंही नोकरीवाले, काकू दिवसभर अनोळखी बिल्डिंगमध्ये, न्यूरोलॉजिस्ट नवा, आणि तुमची सगळी पुंजी एका फ्लॅटमध्ये, कदाचित मुलाच्या नावावर. दिवाळीनंतर दोन महिने जाऊन राहून बघा. घर तसंच राहू द्या.

मत मी कधी बदलेन तेही सांगतो. खालचा मजला करूनही काकूंना तिथे जमत नसेल, किंवा तुमचीच तब्येत अशी झाली की दोन मजल्यांचं घर सांभाळणं होत नाही, तर विका. पण तेव्हा आधी मुलीच्या जवळपास मनीष नगरला ११ महिन्यांच्या भाड्याने राहा, लिफ्ट बंद पडते का, टँकर लागतो का, बाई तिथे यायला तयार होते का हे बघा, आणि मगच खरेदी. बिल्डिंगचं भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर भाव कितीही पडलेला असो, घेऊ नका.

ब्रोकरला सांगा की यंदा विकायचं नाही. तो म्हणेल गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या, त्रिमूर्ती नगरच्या प्लॉटला गिऱ्हाईक येतच असतं. आणि त्याने जे सुचवलंय की ४० लाख रोखीत घ्या, टॅक्स कमी बसेल, ते तर पुढेही कधी मान्य करू नका: स्थावर मालमत्तेच्या सौद्यात २०,००० किंवा त्यावर रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. प्लॉटचे कागद स्कॅन करून पाठवा, भाडेकराराची शेवटची तारीखही कळवा, म्हणजे खालच्या मजल्याचं काम कधी काढायचं ते ठरवू.