डिस्लेक्सिया, सिकलसेल आणि बीडीचा प्रवेश

भाऊ, प्रभूत सलाम. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव नंदुरबारकडचं, डिस्लेक्सियाचं (वाचन-लेखनात अडचण येण्याचं) प्रमाणपत्र दहावीपासून हाताशी, सिकलसेल 'एसएस' (म्हणजे हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्ण स्वरूपात, कळा उठणारा), दर वर्षी दवाखान्यात भरती ठरलेली, बीए रडतखडत झालं, आणि आता पुण्याच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या कॉलेजात, बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी ही धर्मशास्त्राची पदवी) करायचंय. मंडळीतले (चर्चमधले) एक वडील, म्हणजे तिथले ज्येष्ठ पदाधिकारी, म्हणतात, "आधी बरा हो, मग जा." हा आजार जन्मासोबत आलेला आहे, तो जायची वाट पाहायची तर अर्ज कधी भरायचा, हे त्यांना नम्रपणे विचारा.

मी बरीच वर्षं विस्तार-शिक्षणाचे (घरी राहून धर्मशास्त्र शिकण्याचे) गट चालवतोय, त्या अनुभवावरून लिहितो. पाचारणाबद्दल (देवाने सेवेला बोलावलंय का, याबद्दल) बोलणार नाही, ते तुम्ही आणि तुमची मंडळी प्रार्थनेत बघाल. माझा आग्रह एकच: कॉलेज निवडताना पदवीच्या वजनाकडे पाहू नका. तिथे परीक्षा कशी होते आणि वसतिगृहातला दिवस कसा जातो, ते बघा.

आपल्याकडच्या बऱ्याचशा प्रोटेस्टंट सेमिनरी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी (पदव्या देणाऱ्या मंडळाशी) संलग्न आहेत. केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी 1818 साली काढलेलं ते कॉलेज, 1827 साली डेन्मार्कच्या राजाची सनद मिळालेलं. परंपरा मोठी, पण परीक्षा जुन्या वळणाची: इंग्रजीत लांबलचक उत्तरं, वाचायला जाडजूड पुस्तकं. तुमची खरी अडचण इथे आहे, बुद्धीत नाही.

त्यात बायबलच्या मूळ भाषा, हिब्रू आणि ग्रीक. देवनागरीत घ-ध, भ-म यांनी तुम्हाला छळलंच असेल. हिब्रूत बेथ आणि काफ, दालेथ आणि रेश, हे आणि हेथ असेच जुळे दिसतात, वाचायचं उजवीकडून डावीकडे, आणि स्वर बहुतेक अक्षराखालच्या टिंबा-रेघांत. ग्रीकमध्ये नू आणि उप्सिलोन फसवतात. तरीही एक गंमत पाहिली आहे. इंग्रजी वर्गात मागे पडणारा मुलगा हिब्रूत कधी कधी बरोबरीने चालतो, कारण तिथे सगळेच अडखळत, एकेक अक्षर लावत वाचतात. अक्षरं मोठ्या टाइपात छापून घ्या, जुळ्या अक्षरांना वेगवेगळे रंग द्या, मोठ्याने म्हणत पाठ करा. कोणती भाषा सक्तीची आणि कुठे निवड आहे, हे प्रवेशाआधीच विचारा. मराठी पवित्र शास्त्र फोनवर मोफत ऐकता येतं. धड्यातला उतारा आधी ऐका, मग वाचा.

माझं मत विचाराल तर लगेच बीडी नको. वर्षभर घरी राहून विस्तार-शिक्षणाचा एखादा अभ्यासक्रम करा. ही पद्धत 1963 साली ग्वाटेमालात एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीने सुरू केली, घरदार आणि शेती सोडून येणं पाळकांना जमत नव्हतं म्हणून. आपल्याकडे 1971 पासून बंगळुरूची टाफ्टी ही विस्तार-शिक्षणाची संस्था हेच काम करते: धडा घरी आपल्या गतीने वाचायचा आणि ठरल्या दिवशी गटात बसून त्यावर बोलायचं. दुखणं उठलं तर धडा पुढच्या आठवड्यावर जातो, वर्ष वाया जात नाही. 'ही काय खरी सेमिनरी?' म्हणणारे भेटतील. भेटू देत.

तरी बीडीलाच जायचं असेल तर अर्जासोबत प्राचार्यांना पत्र द्या. आजार लपवून प्रवेश घेऊ नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि सिकलसेल दोन्ही आहेत. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी त्याच्या मागे लागा. केंद्राच्या लेखी परीक्षांबाबतच्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ आहे. ते सेमिनरीला जसंच्या तसं लागू होतं का, यावर वाद घालू नका. आधार म्हणून पत्रात लिहा आणि नेमकं काय हवंय ते मागा. 'सहकार्य करावे' एवढ्यावर कोणी काही करत नाही.

आता वसतिगृह. पुण्यातली डिसेंबरची पहाट, गार पाण्याची अंघोळ, सकाळची उपासना, मग श्रमदान, रविवारी सेवेसाठी लांबच्या मंडळीला बसचा प्रवास आणि दिवसभर पाणी प्यायला सवड नाही. थंडी, शिणवटा, पाण्याची कमतरता: कळा उठायला आणखी काय लागतं? गरम पाणी आणि श्रमदानात हलकं काम, हे दोन्ही डॉक्टरांकडून साध्या शब्दांत लिहून घ्या आणि वॉर्डनच्या हातात द्या. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलवरची गोळी) चालू असेल तर रक्ततपासणी चुकवता येत नाही, म्हणून जाण्याआधीच पुण्यातल्या रक्तविकारतज्ज्ञांना फाईल दाखवून या. ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही, हे खोलीतल्या सोबत्यालाही सांगून ठेवा.

आणि कोणी 'विश्वास असेल तर गोळ्या सोड' म्हणालं तर त्याच्यापुढे शास्त्र उघडा. पौलाने आजारी त्रफिमाला मिलेतात मागे ठेवलं (2 तीमथ्य 4:20). वारंवार आजारी पडणाऱ्या तीमथ्याला त्याने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (1 तीमथ्य 5:23). दोघांपैकी कोणाच्याही विश्वासावर त्याने बोट ठेवलं नाही.

पंडिता रमाबाईंचंही सांगतो. त्या 1883 साली वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या आणि ऐकू कमी येतं म्हणून तो मार्ग बंद झाला. पुढे केडगावला मुक्ती मिशनचा व्याप सांभाळत त्यांनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, 1922 साली मृत्यूच्या अगदी तोंडावर पुरं केलं. त्यासाठी त्या कुठल्याही सेमिनरीच्या वर्गात बसल्या नव्हत्या.

पाळकीय दीक्षा (पाळक म्हणून अधिकृत नेमणूक) हा विषय मात्र वेगळा धरा. बीडी झाली म्हणून दीक्षा मिळत नाही, ते तुमची मंडळी ठरवते. त्या वडिलांशी बोलायचं ते याबद्दल, आणि आत्ताच बोला. प्राचार्यांच्या पत्राचा मसुदा झाला की इथे टाका; नाव-गाव काढून टाका, मी वाचून दुरुस्त्या सुचवतो.