कुर्त्याला आतला खिसा

रत्नागिरी

प्रिय बाय,

तुझं पत्र परवा मिळालं. मिऱ्याच्या बंधाऱ्यावरचं, वार्ताहर म्हणून तुझं पहिलं लाइव्ह मी दोनदा पाहिलं. दगड कुठे खचलेत, उधाणाचं पाणी कुठल्या घरांच्या मागच्या दारापर्यंत येतं, सगळं नेमकं दाखवलंस. आणि खाली लोकांनी लिहिलं काय, तर तुझी ओढणी कुठे आहे. आई म्हणते, घे ना ओढणी, काय बिघडतं. तू मला विचारतेस, घेऊ का?

तुला हवी तर घे. त्यांच्यासाठी घेऊ नकोस. शिवाय खाऱ्या वाऱ्यात ओढणी माइकवर फडफडते आणि घरी बसलेल्या माणसाला तुझ्या शब्दांच्या आधी कापड ऐकू येतं.

आपल्याकडे लावणीच्या दिवसांत बाया साडी गुडघ्याच्या वर खोचून चिखलात वाकलेल्या असतात. मिरकरवाड्यात कोळणी काष्टा घालून माशांच्या टोपल्या उचलतात. त्यांना उघडंवाघडं म्हणायची कोणाची छाती होत नाही, कारण समोर काम दिसतं. तुझं विचारणं, धावपळ, भिजणं हेही काम आहे, पण पडद्यावर बाई दिसली की ती बघण्यासाठीच उभी केलीय अशी लोकांची सवय झाली आहे. त्यातून ती प्रश्न विचारायला लागली, की ऐकणाऱ्याला पहिली पळवाट तिच्या कपड्यांत सापडते.

नोव्हेंबर 2022 आठव. मुख्यमंत्र्यांना भेटून मंत्रालयातून बाहेर पडलेल्या संभाजी भिडे यांना एका वार्ताहर मुलीने प्रश्न विचारला. उत्तराऐवजी त्यांनी तिला आधी टिकली लावून यायला सांगितलं. राज्य महिला आयोगाने नोटीस पाठवली, चार दिवस वाद झाला. तो वाद टिकलीवर झाला. तिने विचारलं काय होतं, हे आज दहा जणांना विचारून बघ. म्हणून सांगते, बाय, कपड्यांवर कोणी बोललं तर तिथल्या तिथे वाद घालू नकोस. तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचार. कॅमेरा चालू राहू दे.

पुरुषांना हे सोसावं लागत नाही, हे माझं एकटीचं गाऱ्हाणं नाही. ऑस्ट्रेलियात कार्ल स्टेफानोविक नावाच्या निवेदकाने एकच निळा सूट जवळजवळ रोज वर्षभर घातला आणि 2014 मध्ये स्वतः सांगेपर्यंत प्रेक्षकांना पत्ताच नव्हता. शेजारी बसणाऱ्या सहनिवेदिकेच्या कपड्यांवर लोक सतत बोलतात, हे पाहूनच त्याने ते केलं होतं. जुलै 2021 मध्ये चिपळूणचा पूर ओसरल्यावर मी आणि माझा एक सहकारी बाजारपेठेत एकाच चिखलात उभे होतो. तो हाफपँटवर होता, त्याला लोकांनी धाडसी म्हटलं. माझा कुर्ता भिजून अंगाला चिकटला होता, मला जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. माझ्या मागे एक दुकानदार कुजलेल्या तांदळाची पोती बाहेर काढत होता. त्या पोत्यांबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

आतूनही दाब येतो, त्याची तयारी ठेव. मी ज्या वाहिनीसाठी काम करत होते तिथे एका वरिष्ठाने, फ्रेम उठत नाही, म्हणजे पडद्यावर चित्र फिकं दिसतं, जरा भडक रंग घाल, असं मला बोट बुडालेल्या घरच्या बातमीवेळी सांगितलं होतं. मी नाही म्हटलं नाही. लाल कुर्ता घालून त्या ओट्यावर उभी राहिले आणि आत माणसं रडत होती. ते माझं चुकलं. पुढे एका नव्या मुलीला बिनबाह्यांचा कुर्ता बदलायला लावला, लोक बोलतील म्हणून. तेही चुकलंच. दुःखाच्या घरी साधं जायचं, हे आपल्याला आजीने शिकवलेलं असतं. ते त्या घरासाठी असतं. लोक बोलतील म्हणून बदलणं निराळं, आणि हा फरक मला फार उशिरा कळला.

मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झालं. तिथे बातम्या देताना स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या, ही गोष्ट तू ऐकली असशील. मला ती सांगताना नेहमी बरं वाटतं. कॅमेऱ्याच्या चौकटीला जे हवं ते दिलं, आणि उठून आपल्या कपड्यांत आपल्या वाटेने गेल्या.

आता कामाचं. स्टुडिओत क्रोमा, म्हणजे मागे हिरवा पडदा, असेल तर हिरवं नको, तेवढं अंग पडद्यात विरून जातं. बारीक रेघांचं कापड कॅमेऱ्यात थरथरतं. बांगड्या काढून ठेव, माइक त्यांचा आवाज आधी पकडतो. लेपल माइकला, म्हणजे कपड्याला चिमट्याने लावायच्या छोट्या माइकला, कडक पट्टी किंवा कॉलर लागते, सैल गळ्याला तो लोंबतो. पावसात पांढरं आणि पातळ सुती टाळ. हे लोकांच्या डोळ्यांसाठी सांगत नाही. ओलं कापड सावरत बसलीस तर तुझं लक्ष बातमीवरून उडेल.

घाणेरड्या प्रतिक्रिया पुसून टाकायच्या आधी स्क्रीनशॉट काढून ठेव. स्त्रीच्या विनयशीलतेचा शब्दाने किंवा हावभावाने मुद्दाम अपमान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली गुन्हा आहे. आणि त्रास देणारा कामातलाच असेल, तर स्ट्रिंगर आहे, पगारावर नाही, म्हणून मी कोणाकडे जाऊ असं म्हणू नकोस. जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथल्या बायकांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती नेमलेली असते.

आईला माझा नमस्कार सांग. तिची भीती खोटी नाही, तिच्यावर चिडू नकोस.

शनिवारी येशील तेव्हा तुझे दोन कुर्ते आण. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात आणि माइकचा ट्रान्समीटर कुठे अडकवायचा, यात माझी कितीतरी लाइव्ह घाईत गेली. आमच्या नाक्यावरचा शिंपी कंबरेशी आतून खिसा शिवून देतो. माप मी त्याच्याकडे देऊन ठेवलंय.

तुझी,
मावशी