पाळी, थायरॉइड आणि नवऱ्याचा न झालेला रिपोर्ट

श्रावण लागला की चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचे प्रश्न सुरू होतात. बाकीचे प्रश्न बाराही महिने येतात आणि त्यांतला गोंधळही दरवर्षी तोच असतो. म्हणून यावेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

थायरॉइडची तपासणी उपाशीपोटीच करायची का? (फोंडा)

नाही. गोळी चालू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते दोन दिवस आधी थांबवा, कारण त्यामुळे रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

आम्ही मिठागरातलं जाडं मीठच वापरतो. रोज मासे खातो, मग आयोडीन मिळतंच ना? (पेडणे)

थोडं मिळतं, पण त्यावर विसंबू नका. मिठागरातल्या मिठात आयोडीन घातलेलं नसतं आणि गरोदरपणात आयोडीनची गरज वाढते. रोजच्या जेवणाला आयोडीनयुक्त मीठ वापरा, जाडं मीठ लोणच्याला आणि खाऱ्या मासळीला ठेवा. थायरॉइडचा आजार आधीपासून असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मुलगी सोळा वर्षांची आहे, पाळी मागेपुढे होते. सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ आलं. गाठी काढाव्या लागतील का? पीसीओडीचा एक हर्बल चहा मागवला आहे. (म्हापसा)

त्या गाठी नाहीत. अंडाशयातली अर्धवट वाढलेली बीजं सोनोग्राफीत तशी दिसतात. काढायचं काहीच नसतं.

या वयात नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओडीचं, म्हणजे हार्मोनच्या असंतुलनातून होणाऱ्या अंडाशयाच्या विकाराचं, निदान करूच नये. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असं २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण वाढत्या वयात निरोगी मुलींची अंडाशयंही तशीच दिसतात. पाळीची अनियमितता आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं, म्हणजे हनुवटीवर राठ केस किंवा हट्टी मुरुमं, अशी दोन्ही असतील तरच पुढचा विचार करायचा. नव्वद दिवसांत पाळी आली नाही तर मात्र थांबू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. चहा परत करता आला तर करा. ‘सवलतीत वीस हार्मोन तपासण्या’ अशी पॅकेजंही परस्पर घेऊ नका. पाळीच्या कुठल्या दिवशी रक्त घेतलं हे माहीत नसेल तर त्यातल्या कित्येक आकड्यांचा अर्थच लावता येत नाही.

पाळी नेमकी चवथीच्या दिवशी येणार आहे. पुढे ढकलायची गोळी फार्मसीतून आणली, चालेल ना? (डिचोली)

माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधायला, नैवेद्य करायला घरात तुम्हीच असता, त्यामुळे तुमची घालमेल मला समजते. घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, सासूबाईंनी किंवा नणंदेनं नव्हे. पण गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. ती साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, डोळ्यांपुढे झगमग होऊन अर्धशिशी उठत असेल, तर ती तुमच्यासाठी नाही. दिवस राहिले नाहीत याची खात्री आधी करायला हवी. तिच्यानं गर्भधारणा टळते असंही समजू नका. दर सणाला ती घेणाऱ्या बायका मी पाहते. ते थांबायला हवं.

लग्नाला चार वर्षं झाली. माझं वय ३३. नवरा बोटीवर असतो, वर्षातले तीन महिने घरी. माझी थायरॉइडची, ट्यूबची तपासणी झाली, दुर्बिणीचीही झाली. सगळं ठीक आहे. नवऱ्याची तपासणी झालेली नाही. देवीला प्रसाद लावला, तिचा कौल मिळाला आहे. आता काय करू? (मुरगाव)

कौल मिळाला, चांगलं झालं. आता नवऱ्याचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट घेऊन या.

ताई, राग तुमच्यावर नाही. भूल देऊन तुमच्या पोटात दुर्बीण घातली गेली आणि एका डबीत नमुना द्यायचं काम चार वर्षं कुणी केलं नाही, याचा राग आहे. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. तरीही उपास बाईला, औषध बाईला, टोमणेही बाईलाच. नवरा ‘सगळं व्यवस्थित आहे’ म्हणतो, कारण संबंधात अडचण नसते. पण संबंध जमणं आणि शुक्राणू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीर्य दिसायला अगदी नेहमीसारखं असतं आणि त्यात एकही शुक्राणू नसतो, असं होतं. वयात आल्यावर झालेलं गालगुंड, लहानपणी न उतरलेलं अंड, अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा, ही कारणं विचारल्याशिवाय कळत नाहीत.

तपासणी सोपी आहे. दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळायचं, नमुना लॅबमध्येच द्यायचा किंवा तासाभरात पोचवायचा, साध्या निरोधमध्ये गोळा करायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांत मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरली आहे. आकडा त्याखाली आला तरी लगेच हाय खाऊ नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्या काळातल्या तापानंही आकडा पडतो. म्हणून तपासणी पुन्हा करायची असते.

बोटीचा हिशेबही मांडा. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्राणू पाचेक दिवस. म्हणजे महिन्यात सहाच दिवस उपयोगाचे. तीन महिन्यांच्या रजेत तीनच संधी आणि त्यातली एखादी लग्नकार्यात, गावच्या जत्रेत जाते. तुमची चार वर्षं प्रत्यक्षात एक वर्षच भरतात, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. पण वय थांबत नाही. पस्तिशीनंतर तर आम्ही सहा महिन्यांपलीकडे वाट पाहायला सांगत नाही. पुढच्या रजेत पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला घेऊन तज्ज्ञांकडे जा. गरज असेल तर तो बोटीवर परत जाण्यापूर्वी वीर्य गोठवून ठेवता येतं. त्यासाठी सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१च्या कायद्याखाली नोंदणी झालेलंच केंद्र निवडा आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणून सांगा. ‘हमखास मूल’ म्हणणाऱ्या जाहिरातीकडे फिरकूही नका.

जिममध्ये टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतो. शुक्राणू वाढतात ना? (मडगाव)

उलट. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूकडून अंडकोषांना जाणारा आदेश बंद होतो आणि शुक्राणू थांबतात, कधी शून्यावर येतात. पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून याच गुणधर्माचे प्रयोग झाले आहेत. थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परततात, पण महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. प्रशिक्षक डॉक्टर नसतो. इंजेक्शनची कुपी घेऊन तज्ज्ञांकडे जा, काय आणि किती घेतलं ते लपवू नका.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात दोनदा डाग दिसला. ‘अंगात उष्णता झाली’ म्हणून शेजारीण सब्जा घ्यायला सांगते. (सत्तरी)

सब्जा नको. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंबही दिसला तरी तपासणी हवी. बहुतेकदा कारण साधं असतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाचीही ही पहिली खूण असू शकते आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. वाळपईच्या आरोग्य केंद्रात किंवा थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, याच आठवड्यात जा.