काउंटरवर आभा नंबर दिला तर माझे जुने रिपोर्ट कुणालाही दिसतील का?

नुसता नंबर दिल्याने कुणाला काही दिसत नाही. मी हॉस्पिटलांना सॉफ्टवेअर बसवून देतो, हा प्रश्न कायम कानावर पडतो. आभा म्हणजे सरकारी डिजिटल हेल्थ खातं, त्याचा तो १४ आकडी नंबर म्हणजे फक्त ओळख, रिपोर्ट ज्या हॉस्पिटलने नाहीतर लॅबने बनवले त्यांच्याकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला बघायचे असतील तर तुमच्या आभाच्या अ‍ॅपवर रिक्वेस्ट येते, त्यात कोणते रिकॉर्ड, कुठल्या तारखेपासूनचे, कशासाठी आणि परवानगी कधी संपणार हे सगळं लिहिलेलं असतं, नंतर ती रद्दही करता येते. म्हणजे दाताच्या डॉक्टरला तुमच्या मानसोपचाराच्या गोळ्या कळायची काही गरज नाही. लोक न वाचता ओके दाबतात हा भाग वेगळा.

आणि आभा ऐच्छिक आहे, नाही म्हणालात तरी केसपेपर निघायलाच हवा. काउंटरवरचा पोरगा ओटीपी सांगा म्हणाला की आधी विचारा, कशाचा? कोविडच्या लसीसाठी कोविनला आधार दाखवलेल्या बऱ्याच जणांचे हेल्थ आयडी, म्हणजे आताचे आभा, असेच न विचारता निघाले होते.

खरं सांगू का, मला आभापेक्षा हॉस्पिटलच्या आतल्याच कारभाराची जास्त भीती वाटते. एका ठिकाणी अख्ख्या वॉर्डला एकच लॉगिन, पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला, रात्री वॉर्डबॉयपण त्यानेच आत शिरतो आणि लॉगमध्ये, म्हणजे कुणी काय उघडलं त्या नोंदीत, नाव येतं सुट्टीवर गेलेल्या सिस्टरचं. आता कुणी कुणाचा एचआयव्ही रिपोर्ट उघडला ते शोधा! २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, कोर्टाचा आदेश वगैरे सोडला तर, लेखी संमतीशिवाय ही माहिती बाहेर सांगता येत नाही, पण ती फुटली कुठून हेच कळत नसेल तर तक्रार कुणाच्या नावाने करणार? शिवाय एक्सरेचे फोटो, पेशंटचं नाव दिसतंय तसेच, स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला तोही त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर, कित्येक दिवस तिथे सगळं हाताने कागदावर चाललं होतं.

तुम्ही एवढं करा, पुढच्या वेळी गेलात की फाइलवर मोबाइल नंबर कुणाचा आहे तो बघून घ्या. रिपोर्टची लिंक त्याच नंबरवर जाते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फाइलवर तर हमखास भाच्याचा नाहीतर शेजाऱ्याचा नंबर असतो.